थिरे, फिरते आणि आमच्या हेमलताताई

हेमलताताई दरंदले यांची आणि माझी पहिली भेट नगरमधल्या एका छापखान्यात झाली. मी तेव्हा चित्रकलेचा अभ्यासक्रम नुकताच पुरा केला होता आणि लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या अशी मिळतील ती कामं करत होते. छापखान्याचे मालक स्वतः प्रकाशकही होते. जामखेडच्या एका भूगोलाच्या बाईंनी आकाशातल्या लोकांची कादंबरी लिहिली आहे, मुखपृष्ठावर जरा धडकी भरवणारं काहीतरी हवं, एवढंच त्यांनी मला सांगितलं होतं. त्याप्रमाणे मी हिरव्या कातडीचा, शिंगांचा, लाल डोळ्यांचा एक प्राणी रंगवून नेला.

ताई जामखेडहून एसटीनं आल्या होत्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, चेहऱ्यावर प्रवासाची धूळ. त्यांनी चित्र हातात घेतलं आणि खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं.

"हात चांगला आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "पण हे कोण?"

"थिरे," मी म्हणाले. प्रकाशकांनी मला तेवढा एकच शब्द सांगितला होता. "राक्षस आहेत ना ते?"

"राक्षस? असं कुणी सांगितलं?"

प्रकाशक खिडकीबाहेर बघायला लागले. ताई मात्र रागावल्या नाहीत. शेजारच्या स्टुलावर बसल्या आणि, कुणी आपल्या माहेरच्या माणसांविषयी बोलावं तसं, मला थिऱ्यांविषयी सांगू लागल्या. थिरे तरुणपणी जग पाहून घेतात. मग एखादी जागा आवडली की तिथं उभे राहतात आणि त्यांना मुळं फुटतात. त्यानंतर ते हलत नाहीत. बोलतात ते इतकं सावकाश, की एक वाक्य पुरं व्हायला एक ऋतू लागतो. वाक्याची सुरुवात ऐकलेला माणूस कधीकधी शेवट ऐकायला उरत नाही, त्याची मुलं येऊन ऐकतात.

"बघणाऱ्याला वाटतं, हे रागावलेत," ताई म्हणाल्या. "रागावलेले नसतात हो ते. बोलायच्या बेतात असतात."

त्या दिवशी मी घरी गेले आणि बोलायच्या बेतात असलेला चेहरा काढायला बसले. किती कागद वाया गेले सांगता येत नाही. पण आजवर माझ्या हातून जी काही खरी चित्रं झाली असतील, त्यांची सुरुवात तिथं आहे.

ताईंची 'दूरतीर' मालिका ज्यांनी वाचली नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सांजळ नावाचा एक म्हातारा सूर्य आहे. तो हळूहळू मालवत चालला आहे. त्याच्याभोवतीच्या जगांमध्ये तीन प्रकारचे लोक राहतात. जमिनीत मुळं धरलेले थिरे. घर पाठीवर घेतल्यासारखे जहाजांतूनच जन्मणारे, जगणारे फिरते. प्रकाश जिथं शिल्लक असेल तिथं ते हंगामापुरते जातात, उजेड साठवणाऱ्या प्रकाशवेलींची कापणी करतात आणि पुढं निघतात. आणि तिसरे पारदे. यांचं अंग काचेसारखं असतं. मनात येईल त्याचा रंग छातीत दिसतो, म्हणून त्यांना खोटं बोलता येत नाही. सगळीकडे न्यायनिवाड्याला त्यांनाच बोलावतात आणि त्याचा त्यांना फार कंटाळा आहे. एखादा पारदा प्रेमात पडला तर सगळ्या बाजाराला कळतं, म्हणून बिचारे छत्री घेऊन हिंडतात. ते छत्रीचं चित्र माझं फार आवडतं आहे.

या सगळ्यांमध्ये दोन पक्ष पडले आहेत. आपल्याजवळचा प्रकाश सांजळला परत देऊन त्याला जागवत ठेवा, असं म्हणणारे राखणे. सूर्य जायचा तो जाणार, मोठी जहाजं बांधा आणि दुसरा सूर्य शोधायला चला, असं म्हणणारे निघते. एकाच घरात भाऊ राखणा तर बहीण निघती. गंमत म्हणजे मुळं धरलेल्या थिऱ्यांमध्येही काही निघते आहेत. जन्मभर एका जागी उभं राहून ते मनानं निघालेले असतात. मला विचाराल तर ताईंच्या प्रतिभेची खूण तिथं आहे.

हे लोक त्यांना कुठं भेटले, असं मी एकदा विचारलं होतं. जामखेडला त्यांच्या घराच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. समोर मोकळं माळरान, संध्याकाळचं तांबूस आभाळ जमिनीला टेकलेलं. त्या भागात आभाळ फार मोठं आहे. त्याच्याखाली बसलं की माणसाला आपण कुठल्याशा जहाजाच्या डेकवर बसलो आहोत असं वाटू लागतं. ताई म्हणाल्या, "शाळेत दिवाळीनंतर अर्धी बाकं रिकामी व्हायची. पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायची, ती दुसऱ्याच मुलखाच्या गोष्टी घेऊन. एकदा मी वर्गाला 'माझे गाव' या विषयावर लिहायला सांगितलं. एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, 'बाई, कंचं गाव लिहू?' मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही."

त्या मुलीचं नाव झुंबर. मालिकेची नायिका, जहाजावर जन्मलेली फिरती मुलगी, तिचंही नाव झुंबरच आहे. पण ते ताईंनी परस्पर घेतलं नाही. पहिलं पुस्तक छापायला जाण्याआधी त्या मुद्दाम तिच्या सासरी गेल्या. तोवर ती दोन लेकरांची आई झाली होती. ताईंनी विचारलं, "तुझं नाव घेऊ का गं गोष्टीत?" ती हसली आणि म्हणाली, "घ्या की बाई. मी फिरून दमले, आता नावाला फिरू द्या."

ताईंच्या स्वभावाचा दुसरा एक धडा मला माझ्याच घरी मिळाला. लग्न होऊन मी नगरच्या सासरी आले, वर्षभरात मुलगी झाली आणि ब्रश कपाटात गेले. तिसऱ्या पुस्तकाची चित्रं मला जमायची नाहीत, दुसरं कुणी बघा, असं मी फोनवर ताईंना कळवलं. त्या "बरं" म्हणाल्या. पुढच्याच रविवारी सकाळी दारात उभ्या. हातपाय धुतले, माझ्या मुलीला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाल्या, "नसीम, तू आत जाऊन काढत बस. आम्ही दोघी इथं आहोत."

त्या असं पुष्कळ रविवार आल्या. मी आतल्या खोलीत रंगवत असे आणि बाहेरून त्यांचा आवाज येई. माझ्या तान्ह्या मुलीला त्या पारद्यांच्या भानगडी अगदी गंभीरपणे सांगत असत. माझ्या सासूबाई सुरुवातीला लांबून बघत. मग भाजी निवडायच्या निमित्तानं जवळ येऊन बसू लागल्या. एके दिवशी ताईंची बस चुकली आणि त्या आल्याच नाहीत, तेव्हा सासूबाईंनी मला विचारलं, "वो झुंबर का क्या हुआ गे? जहाज मिला क्या नै उसकू?" मला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, "तो फोन लगा ना बाई कू." त्या दिवसापासून आमच्या घरात चित्रं काढणं हे घरकामाइतकंच रीतसर काम झालं. एका शब्दानंही न भांडता ताईंनी माझा ब्रश मला परत मिळवून दिला होता.

पुस्तकं वाढली तसे वाचक वाढले आणि वाचकांमध्येही राखणे-निघते पडले. नगरच्या एका वाचनालयात ताईंशी गप्पांचा कार्यक्रम होता. औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे एक तरुण गृहस्थ निघत्यांची बाजू घेऊन उभे राहिले. मावळत्या सूर्याला कवटाळून बसणं म्हणजे मूर्खपणा, असं त्यांचं म्हणणं. त्यावर मागच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई तटकन उठल्या. "आणि थिऱ्यांचं काय? त्यांना मुळं आहेत. त्यांना अंधारात सोडून जायचं?" आवाज चढले. गृहस्थ म्हणाले, त्यांचे आईवडील गावाकडं आहेत, नगरला यायला तयार नाहीत, आपण काय करायचं? आकाशातल्या लोकांविषयी चाललेलं बोलणं कुठं येऊन पोचलं आहे, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. कुणीतरी ताईंना विचारलं, "तुम्ही स्वतः कुठल्या पक्षाच्या?"

"लिहिताना जो बोलत असेल त्याच्या," ताई म्हणाल्या. "एरवी मलाही कळत नाही. म्हणून तर लिहिते."

मुंबईहून एक निर्माते जामखेडला आले होते, तेव्हा मी हजर होते. त्यांना 'दूरतीर'ची दूरदर्शनवर मालिका करायची होती. फक्त एक बदल हवा होता. प्रेक्षकांना शत्रू लागतो, तेव्हा फिरत्यांना लुटारू करायचं, काळे कपडे, रंगवलेली तोंडं. ताईंनी त्यांना पोहे दिले, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्याकडं भांडणारी माणसं भरपूर आहेत. शत्रू मात्र एकही नाही. तो तुम्हाला दुसरीकडं बघावा लागेल." ताईंचे यजमान, आमचे अण्णा, पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि येताना हसत आले. ताई तोवर ताटल्या विसळत होत्या. एवढी मोठी संधी गेल्याची रेघही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती.

पाचवं पुस्तक जिथं संपतं ते ठिकाण वाचकांना चांगलं आठवत असेल. सांजळ फडफडतो आहे. निघत्यांची जहाजं तयार आहेत. झुंबर जहाजाच्या दारात उभी आहे, एक पाय आत, एक पाय थिऱ्यांच्या जमिनीवर. ज्याच्या सावलीत ती खेळली तो म्हातारा थिरा, अचळोबा, तिला काहीतरी सांगायला लागला आहे, पण त्याचं वाक्य पुरं व्हायला एक ऋतू लागणार. आता ती थांबणार की जाणार? पुढचं पुस्तक कधी येणार, असं लोक मला बाजारात थांबवून विचारत.

आणि एका सकाळी अण्णांचा फोन आला. "नसीम, हिला शब्द सापडंनात गं."

पक्षाघाताचा झटका होता. उपचार वेळेवर मिळाले, जीव वाचला, हातपायही पुष्कळसे सावरले. पण वाचा गेली होती. मी भेटायला गेले तेव्हा ताई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. डोळ्यांनी बस म्हणाल्या. ओठ हलले, पण नाव आलं नाही. ज्या बाईंनी कुणीही न ऐकलेली शेकडो नावं जन्माला घातली, त्यांना पेला दाखवून 'पेला' म्हणता येत नव्हतं. अण्णा दाराकडं तोंड करून उभे होते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की ओळखीच्या वस्तू, ओळखीचे चेहरे दाखवत राहा. घरच्यांनी फोटो दाखवून पाहिले. पुढच्या खेपेला जाताना मी माझी जुनी चित्रं बरोबर नेली. यामागे काही विचार होता असं नाही. त्यांना बरं वाटेल, इतकंच मनात होतं. दुपारची वेळ होती, पडद्यातून मऊ उजेड येत होता. मी एकेक चित्र त्यांच्या मांडीवर ठेवत गेले. छत्री घेतलेला पारदा पाहून त्या हसल्या. अचळोबाच्या चित्रावरून त्यांनी बोटं फिरवली, अगदी मुळांपर्यंत. मग झुंबरचं चित्र आलं, दारात उभी असलेली. ताई त्याच्याकडं पाहत राहिल्या. ताईंचा चेहरा तोच, मी पहिल्यांदा घरी बसून काढायचा प्रयत्न केला होता तसा, बोलायच्या बेतात असलेला.

"हिला," ताई म्हणाल्या. बराच वेळ गेला. "उशीर झालाय."

अण्णांनी ते वाक्य मिळेल त्या कागदावर लिहून ठेवलं. मी रडत होते की हसत होते, मला आठवत नाही.

त्यानंतर मी दर रविवारी जामखेडला जाऊ लागले. पूर्वी त्या येत, आता मी जात असे, यात मी काही विशेष केलं असं मला मुळीच वाटत नाही. आम्ही काम करू लागलो. मी पेन्सिलीनं पुढचं काहीतरी काढायची, त्या मान हलवायच्या. झुंबर जहाजात चढताना काढली. "न्हाई." झुंबर जमिनीवर बसलेली काढली. "न्हाई." हळूहळू त्यांच्याजवळ शब्द परत येऊ लागले. पण जे आले ते शाळेतल्या बाईंचे नव्हते. ते त्यांच्या लहानपणच्या वस्तीवरचे होते. हाय, न्हाई, व्हय, लई, गेल्ती. पन्नाशी उलटेपर्यंत मुलांचे उच्चार सुधारणाऱ्या ताईंच्या तोंडून त्यांच्या आईची बोली येत होती. पहिल्यांदा त्या स्वतःच दचकल्या. मग एकदा ऐकत राहिल्यासारख्या थांबल्या आणि म्हणाल्या, "नसीम, ही झुंबर बोलतीया."

सहावं पुस्तक त्यांनी त्या बोलीत सांगितलं. त्या सांगत, अण्णा लिहून घेत, मी काढत असे. आधीच्या पुस्तकांत सगळे लोक शुद्ध, पुस्तकी मराठीत बोलतात. या पुस्तकात फिरते पहिल्यांदा आपल्या भाषेत बोलले. प्रकाशकांना ते पटेना. ते स्वतः जामखेडला आले. म्हणाले, "ताई, तुमची तब्येत मी समजू शकतो. पण दूरच्या आकाशातले लोक 'हाय-न्हाई' बोलतात, हे वाचकांना कसं पटावं? मी भाषा नीट करून घेतो."

ताईंनी सावकाश त्यांच्याकडं पाहिलं. "आन मंग कसं बोलत्याल?"

प्रकाशक हातातली पानं चाळू लागले.

"मी इतकी पुस्तकं लिवली," ताई म्हणाल्या. एकेक शब्द त्या ओंजळीतून ठेवावा तसा ठेवत होत्या. "त्येंना माझ्यासारखं बोलाया लावलं. त्येंनी ऐकलं माझं. आता मी त्येंचं ऐकते."

पुस्तक एकही शब्द न बदलता छापलं गेलं. त्यातला शेवट मी इथं सांगते आहे, कारण ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथाच्या बहुतेक वाचकांना तो ठाऊकच आहे. झुंबर जहाजात चढते. राखणे तिला शाप द्यायच्या तयारीत असतात, निघते जल्लोषाच्या. दार लागता लागता ती अचळोबाकडं वळते आणि, आपल्याकडची बाई घराबाहेर पडताना म्हणते तसं, म्हणते, "येते." जाते नाही म्हणत. अचळोबाचं ऋतूभर चाललेलं वाक्य त्याच वेळी पुरं होतं, आणि ते असतं, "ये." पुढं जहाजं पाळी लावून जाऊ-येऊ लागतात. काही नव्या सूर्याकडं, काही परत थिऱ्यांच्या सोबतीला. कुठलाच पक्ष जिंकत नाही. ऊसतोडीला निघालेल्या बायका शेजारणींना 'येते' असंच सांगून जायच्या, ते आपण ओट्यावरून ऐकलेलं आहे, असं ताईंनी मला नंतर सांगितलं. पुस्तक आल्यावर जामखेडच्या झुंबरनं ते आपल्या मुलीकडून वाचून घेतलं. तिनं ताईंना फोन केला. म्हणाली, "बाई, आमच्यावानी बोलतीया की ओ ती." ताईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला होता.

मला ताईंकडून काय मिळालं, हे सांगायचं तर अनोळखी चेहरा काढण्याआधी तो काय बोलू पाहतो आहे याची वाट बघायला त्यांनी मला शिकवलं. चित्रकलेच्या वर्गात आता मी मुलांना तेच सांगते. त्यांच्या गटागटांत भांडणं होतात, तेव्हाही तेच सांगते. दर वेळी उपयोग होतोच असं नाही.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. बोलणं सावकाश आहे, पण चालतात, हसतात, नातवंडांना रागावतात. पावसाळा सरताना त्यांना बदल हवा म्हणून अण्णा आणि मी त्यांना भंडारदऱ्याला घेऊन गेलो होतो. जामखेडच्या कोरड्या माळावर आयुष्य गेलेल्या बाई. पाण्याच्या काठी खुर्ची टाकून बसल्या त्या उठेनात. दुपार होती, तरी धरणावर धुकं उतरलं. समोरचा डोंगर गेला, मग झाडं गेली, मग पाणीही दिसेनासं झालं. सगळीकडे नुसता पांढरा उजेड. अण्णा चहा आणायला गेले होते. ताई पुढं झुकून त्या पांढऱ्यात काहीतरी पाहत होत्या.

"हितं कुनीतरी हाय," त्या हळूच म्हणाल्या.

मला कुणी दिसलं नाही. मी विचारलं, "कोण, ताई? नाव काय त्यांचं?"

"अजून सांगितलं न्हाई त्येंनी."

मी घाईनं पिशवीतून कागद काढला. ताईंनी माझा हात धरला. "थांब. जवळ येऊ दे."

तो कागद अजून कोराच आहे. ते लोक कोण आहेत, कसे चालतात, कशावरून भांडतात, मला काही ठाऊक नाही. ताईंनाही पुरतं ठाऊक नसावं. पण धुक्यातून ते निघाले आहेत हे नक्की, आणि ताईंकडं येणारी माणसं घाई करत नाहीत हा माझा अनुभव आहे. त्यांना पोचायला जितकी वर्षं लागतील तितकी सगळी ताईंना लाभोत, अंगात बळ आणि डोळ्यांत ही अशीच नजर राहो. मी पेन्सिल टोकदार करून शेजारी बसले आहे.